तिसरा आग्रह

२४ जून
दिवसभर वारा. संध्याकाळी पडला.

नोलनचा फोन आला. चार जुलैच्या सणासाठी येताहेत, तो, मारिसोल आणि इनेस, आणि या खेपेला चांगले आठवडाभर राहणार आहेत. गेली काही वर्षं त्यांचा स्वातंत्र्यदिन टेक्ससमध्येच व्हायचा, मारिसोलच्या माहेरच्या गोतावळ्यात. मी म्हटलं, तुम्हाला जमत असेल तर या, माझ्यासाठी मुद्दाम धडपड करू नका. फोन ठेवला आणि माडीवरच्या खोलीच्या खिडक्या धुवायला घेतल्या.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकते. पुढचा हिवाळा मला इथे एकटीने काढायचा नाही. फेब्रुवारीत गॅरेजच्या दारात बर्फावरून पाय घसरला आणि पडले. हाडबिड मोडलं नाही, पण उठताच येईना. हात बधिर व्हायला लागले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे असंच संपणार, गॅरेजच्या दारात, घरातल्या सपाता घालून. शेजारचा लोवेल कुत्र्याला घेऊन बाहेर पडला म्हणून वाचले. त्याला सांगितलं की काही झालं नाही, जरा बसले होते. त्याने मला उचलून घरात आणून बसवलं आणि हवेबद्दल बोलत बसला. भला माणूस.

नोलनला यातलं काही सांगितलेलं नाही. दर रविवारी फोनवर विचारतो, कशी आहेस, मी म्हणते झकास. त्याचा बाप, गॉर्डन, गेल्यापासून हेच सांगत आले आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

सॅन अँटोनियोला त्यांच्या घरात मागच्या अंगाला एक खोली रिकामी आहे. तिथे जानेवारीत लोक शर्टावर फिरतात. मला त्यांनी हिवाळ्यासाठी बोलवावं एवढंच हवंय. मी होऊन विचारणार नाही, माझ्या आईने कधी कुणाकडे काही मागितलं नाही आणि मीही मागणार नाही. पण ते विचारतील. मुलगा माझाच आहे, त्याला एवढी अक्कल आहे.

२८ जून
तीन दिवस नुसती कामं. झेंडा इस्त्री करून लावला. चार जुलैच्या जेवणाचं बटाट्याचं सॅलड चर्चच्या मंडळाने यंदाही माझ्याच गळ्यात घातलंय. डोरिनने चाचरत विचारलं, आर्डिस, जमेल का गं तुला या वयात. मी म्हटलं छे, यंदा दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिने पुन्हा विचारलं, मी म्हटलं माझ्यापेक्षा चांगलं करणाऱ्या आहेत की. तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, बरं, तू एवढं म्हणतेसच तर. तिने द्यायचं कुणाला हे आधीच ठरवलेलं होतं आणि मी बटाटे आधीच आणून ठेवले होते. पण रीत ती रीत.

नोलनला पोरपणी मी हेच शिकवलं. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. दुसऱ्याला म्हणतो त्याला दम नाही. तिसऱ्याला हो म्हणावं, तेही जरा उपकार केल्यासारखं. एवढं पाळलं की माणसाला कुठेही मान मिळतो.

१ जुलै
ऊन. तलावाचं पाणी पोहण्याइतकं तापलंय.

काल संध्याकाळी आले. इनेस वर्षभरात उंच झालीये आणि गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं की मिरवणुकीत सायकल सजवून जाता येईल का. नोलनचं पोट सुटलंय. मारिसोलने मला कडकडून मिठी मारली. आमच्यात एवढी घट्ट मारत नाहीत, पण चौदा वर्षांत मला सवय झालीये.

मुलगी चांगली आहे. दवाखान्यात काम करते, घर नीट ठेवते, नोलनला ताळ्यावर ठेवते. पण तिला कुणी वळण म्हणून लावलेलं नाही. आल्यावर मी कॉफी विचारली, तर म्हणाली, नको, रात्री झोप येत नाही. मी अर्थातच ओतली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग प्यायली. सकाळी डोळे सुजलेले होते, प्रवासाचा शीण असणार.

दुसरी गोष्ट लिहावी की नको कळत नाही, पण लिहिते. रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या केल्या होत्या. रात्री ताटात शेवटची उरली. नोलनने अर्धी कापून घेतली, बरोबर. मी उरलेल्या अर्धीची अर्धी घेतली. आता तो तुकडा सकाळपर्यंत तसाच राहायला हवा होता, नाहीतर कुणीतरी आणखी अर्धा करायला हवा होता. मारिसोलने तो उचलला आणि सरळ तोंडात टाकला. वर म्हणाली, छान झाल्यात. नोलन हसला. त्याचीही शिस्त बिघडलीये.

२ जुलै
विचारलं. दोनच दिवसांत.

आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून स्ट्रॉबेरीचे देठ काढत होतो. नोलन आणि इनेस धक्क्यावर गळ टाकून बसले होते. मारिसोल मध्येच थांबली आणि सरळ माझ्याकडे वळून म्हणाली,

"आर्डिस, हिवाळ्यात तुम्ही आमच्याकडे या. ऑक्टोबर ते एप्रिल. मागची खोली तुमचीच समजा. मला मनापासून वाटतं म्हणून विचारतेय."

माझ्या हातातली स्ट्रॉबेरी चिरडली गेली. फार आनंद झाला. मग म्हटलं, "छे गं. तुमचा तुमचा संसार आहे, त्यात मी कुठे येऊन बसू. माझं इथे सगळं बरं चाललंय."

"खरंच?"

"अगदी."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा देठ काढायला लागली. आत जाऊन हात धुतले तेव्हा तिचं नाक लाल होतं. स्ट्रॉबेरीची ॲलर्जी असते काहींना.

तर पहिला झाला. आता दुसरा कधी येतो ते बघायचं. मला वाटतं चारलाच करेल, सणाच्या दिवशी माणसं मोकळी असतात. आत्ताच ठरवून ठेवलं की जाडा कोट इथेच ठेवायचा, निळा तेवढा न्यायचा. झाडांना पाणी लोवेल घालेल. पाइप गोठू नयेत म्हणून काय करायचं ते त्याला माहीत आहे.

आज मला फार बरं वाटतंय.

३ जुलै
सकाळी मेन स्ट्रीटवर उद्याच्या मिरवणुकीसाठी खुर्च्या मांडून आले. दरवर्षीप्रमाणे बेकरीच्या समोर, जिथे सावली लवकर येते. मारिसोल बरोबर होती. तिने विचारलं, उद्या सकाळपर्यंत या इथे अशाच राहणार? कुणी उचलून नेत नाही? मी म्हटलं कोण नेणार, सगळ्यांना माहीत आहे त्या कुणाच्या आहेत. ती म्हणाली, आमच्याकडे जागा हवी असेल तर माणसाने स्वतः जाऊन बसावं लागतं. मी म्हटलं, तुमच्याकडे लोक फार आहेत.

दुपारी नोलनने धक्क्यावर पुन्हा विषय काढला, म्हणजे मारिसोलने त्याच्याकडून काढवला हे उघड आहे. म्हणाला, मारिसोलची एक मावशी आहे, ओफेलिया, लारेडोला एकटी असते. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तू येणार नाहीस म्हणतेस, तर मागची खोली तिला द्यायचं आमच्या डोक्यात आहे. तुझी काही हरकत नाही ना?

याला म्हणतात दुसरा आग्रह. थेट न विचारता, दुसऱ्याच्या नावाने विचारणं. नोलन अगदीच काही विसरलेला नाही. मी म्हटलं, "अरे हरकत कसली. बिचारीला द्या. मला खोलीचं काय करायचंय."

"नक्की ना, आई?"

"नक्की म्हणजे काय. मी इथे राणीसारखी आहे."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मला माहीत होतं, तू इथून हलायची नाहीस. किती प्रेमाने म्हणाला. माझा मुलगा माझ्या बाबतीत किती चुकीचा विचार करू शकतो याचं मला हसूच आलं. आता तिसऱ्याला हो म्हटलं की कसा चकित होईल.

मासा एकही मिळाला नाही. इनेसने सायकलच्या चाकांत लाल, पांढरे, निळे कागद गुंडाळलेत आणि अंगणभर चिकटपट्टीचे तुकडे आहेत.

४ जुलै
लिहायला उशीर झाला, पण आज लिहायचं बरंच आहे.

मिरवणूक देखणी झाली. अग्निशमनच्या गाडीवरून गोळ्या-चॉकलेटं उधळली, जुने ट्रॅक्टर आले, बँडने दोन गाणी वाजवली आणि तिसरं विसरला. इनेस सायकलवरून गेली तेव्हा मी उभी राहून हात हलवला. नंतर माजी सैनिक आले. पुढे झेंडा. पूर्वी गॉर्डन तो धरायचा. आम्ही सगळे उभे राहतोच, पण मारिसोल माझ्याआधी उठली, छातीवर हात ठेवला आणि झेंडा वळेपर्यंत खाली घेतला नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नंतर कळलं की तिचे वडील तीस वर्षं सैन्यात होते आणि दोन युद्धं बघून आले. मी म्हटलं, तू कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाही. तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाली. मला वाटत होतं सांगायचं असेल तर माणूस सांगतो. खाली बसताना मी तिचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही.

मग तलावाकाठच्या बागेत जेवण. माझं सॅलड संपलं, सांगायला नकोच. मारिसोलने गॉर्डनच्या मासे धुरीवर भाजायच्या पेटीत रात्रभर मांस शिजवलं होतं, टेक्ससच्या पद्धतीने, वर मिरीचा काळा थर. वास असा सुटला होता की डोरिनच्या टेबलावरची अर्धी माणसं उठून आली. मारिसोल स्वतः ताट घेऊन सगळ्यांना वाढत फिरली. लोवेलपाशी आली आणि म्हणाली, वाढू? लोवेल म्हणाला, नको नको, माझं झालंय. ती म्हणाली, बरं, आणि पुढे गेली.

बिचाऱ्या लोवेलचं तोंड बघवेना. सकाळपासून तो त्या वासावर होता, पेटीत लाकडं घालायलाही तोच आला होता. त्याच्या ताटात नुसतं सॅलड. मी उठले, दोन तुकडे घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं घे रे. म्हणाला छे, पोट गच्च आहे. म्हटलं, उरलं तर वाया जाईल. म्हणाला तूच खा. म्हटलं लोवेल, गुपचूप घे. म्हणाला, बरं, तू एवढं म्हणतेसच तर. मग त्याने जाऊन आणखी तीनदा घेतलं.

मारिसोल हातात काटा धरून हे सगळं बघत उभी होती. नंतर आम्ही दोघी नळावर ताटं धूत होतो तेव्हा तिने विषय काढला.

"लोवेल मला नको म्हणाला होता."

"हो."

"मग खाल्लं कसं?"

"हवं होतं म्हणून."

ती ताट हातात धरून विचार करत राहिली. "म्हणजे इथे नको याचा अर्थ नको असा नसतो."

"लोवेलचं तसं आहे," मी म्हटलं.

"आणि तुमचं?"

अशी रोखून बघत होती की मला अवघडल्यासारखं झालं. आजूबाजूला डोरिन होती, तिच्या सुना होत्या. मी म्हटलं, "माझं तसं काही नाही. मी स्पष्ट बोलते. नको म्हणजे नको."

"नक्की?"

"मला ओळखत नाहीस का इतक्या वर्षांत."

"नाही," ती म्हणाली, "मला वाटतं मी तुम्हाला ओळखत नाही." आणि ताटं घेऊन गेली. जरा तिरसटच वाटलं मला ते, पण रात्रभर जागली होती मांसापायी.

अंधार पडल्यावर तलावावर आतषबाजी. बोटींनी भोंगे वाजवले. इनेस माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि प्रत्येक बाराला माझा गुडघा दाबत होती. मला वाटलं होतं मारिसोल आज तिसऱ्यांदा विचारेल. आवाजात जमलं नसेल. उद्या विचारेल. अजून दोन दिवस आहेत.

५ जुलै
पाऊस.

नोलनने सकाळी, पहाटे मिळालेले मासे साफ करताना सांगितलं. सहज सांगितलं, जसं कुणी हवेबद्दल बोलतं. मारिसोलने काल रात्री ओफेलियामावशीला फोन करून खोलीचं पक्कं केलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती येते. "मारिसोलला फार वाटत होतं तू यावंस," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं विचारू नकोस, पण तिने विचारलंच. मग मी विचारलं. मग काल पुन्हा एकदा तिने अगदी समोरासमोर खात्री करून घेतली. तू म्हणालीस नको म्हणजे नको. मग तिने सोडलं. तुला किती छळायचं."

मी म्हटलं, बरोबर केलं.

मग मी माशांची डोकी कागदात बांधली आणि नेऊन टाकली आणि परत येऊन ओटा पुसला, आणि पुन्हा पुसला. तो तिसरा होता. नळावर, ताटं धुताना. तीन बोटं वर करून कुणी विचारत नाही, पण मी तरी ओळखायला हवा होता. आयुष्यभर लोकांचे आग्रह मोजत आले आणि माझाच मला मोजता आला नाही.

दुपारी लोवेल पेटीची राख काढायला आला. मी त्याला म्हटलं की मुलगा हिवाळ्यासाठी बोलवत होता, मी नको म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं. मग लाल झाला आणि म्हणाला, म्हणजे तुला जायचं नसेल तर. राख काढायला त्याला आज फार वेळ लागला.

मला राग येतोय आणि कुणाचा ते कळत नाही. मारिसोलचा यावा असं वाटतं, पण तो येत नाही. तिने तीनदा विचारलं. माझ्या सख्ख्या बहिणीने मला कधी दोनदाच्या वर विचारलं नव्हतं.

पुन्हा एकदा विषय काढता येईल का? कसा काढणार. ओफेलियाचं पक्कं झालंय. दुखऱ्या गुडघ्याच्या बाईच्या अंगावरून मी कुठे पाय टाकून जाऊ. नाहीतरी सत्तर पार केलेल्या बाईने आणखी एक हिवाळा काढला तर आकाश कोसळत नाही. गॅरेजच्या दारात बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकून ठेवीन. काठी घेईन. घेतेच.

झोप लागेल असं वाटत नाही.

६ जुलै
स्वच्छ ऊन.

गेले. कसे गेले ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

आमच्याकडे निरोप स्वयंपाकघरात सुरू होतो. तिथे निघतो आता म्हणायचं. मग दारात अर्धा तास. मग अंगणात, तिथे टायरची हवा बघायची. मग गाडीच्या खिडकीपाशी, आणि जे काही खरं बोलायचं असेल ते तिथे बोलायचं, इंजिन चालू असताना. गॉर्डनने मला लग्नाचंही गाडीच्या खिडकीतूनच विचारलं होतं. मारिसोलला हे सगळं कधी पटलं नाही. ती मिठी मारते, बसते आणि निघते. गाडी आज तीच चालवणार होती.

तर स्वयंपाकघर झालं, दार झालं. टायर बघितले. मी नोलनला म्हटलं सावकाश जा, हरणं आडवी येतात. तो म्हणाला हो. मी म्हटलं पेट्रोल गावातच भरा, पुढे महाग आहे. तो म्हणाला हो, आई. इनेसला पुडीत वड्या दिल्या. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. मारिसोलने खिडकीतून माझा हात धरला, म्हणाली, काळजी घ्या, आणि गाडी सुरू केली. गाडी हलली. अगदी थोडी हलली, पण हलली.

मी म्हटलं, "मला यायचंय."

मोठ्याने म्हणाले असणार, कारण लोवेलच्या कुत्र्याने मान वर केली.

मारिसोलने गाडी थांबवली. "कुठे?"

"तुमच्याकडे. हिवाळ्यात. कुणी विचारत नसलं तरी."

नोलन म्हणाला, अगं पण तूच तर म्हणालीस. मी त्याला गप्प राहा म्हटलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच म्हटलं असेन. मग म्हटलं, "फेब्रुवारीत मी गॅरेजच्या दारात पडले होते. उठता येत नव्हतं. लोवेलने आत आणलं. तुला सांगितलं नाही. मला भीती वाटते रे. दरवर्षी बर्फ पडायला लागला की वाटेल, आणि मला ती भीती घेऊन इथे बसायचं नाही."

नोलनचा चेहरा पांढरा पडला. मागून इनेस म्हणाली, "मग आजी, मम्मीने विचारलं तेव्हा तू नको असं का म्हणालीस?" मला रडू फुटलं. भर रस्त्यात, शेजाऱ्यांसमोर, आणि थांबवता येईना.

मारिसोल गाडीतून उतरली. मला वाटलं मिठी मारेल. तिने मारली नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली, दवाखान्यात पेशंटसमोर राहत असेल तशी.

"खोली मी ओफेलियामावशीला दिलीये. शब्द फिरवणार नाही. तिथे दुसरा पलंग बसतो. मावशी घोरते आणि पहाटे उठून प्रार्थना म्हणते, मोठ्याने. चालेल का? हे मी एकदाच विचारतेय, आर्डिस. जे म्हणाल ते खरं धरणार."

नको गं, मावशीची उगाच अडचण, हे वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होतं. ते इतकं तयार होतं की ओठही उघडले होते. ते गिळायला मला किती जड गेलं हे इथे लिहून कळणार नाही.

"चालेल," मी म्हटलं.

मग तिने मिठी मारली. तिचं नाक पुन्हा लाल झालं होतं आणि आज तिथे स्ट्रॉबेरी नव्हत्या.

त्यानंतर दुपारपर्यंत ते निघालेच नाहीत. मारिसोल सरळ घरात येऊन स्वयंपाकघरात मावशीला फोन लावून बसली आणि बराच वेळ स्पॅनिशमध्ये भराभर बोलली. त्यात माझं नाव चारपाचदा आलं, एकदा दोघी हसल्या. नोलन बाहेर लोवेलशी बोलत होता, फेब्रुवारीबद्दलच असणार. लोवेल मान खाली घालून ऐकत होता. मग नोलनने त्याचा हात हातात घेतला आणि सोडेना.

मारिसोलने फोन माझ्याकडे दिला. म्हणाली, मावशीला तुमच्याशी बोलायचंय. आवाज खणखणीत होता, आजारी बाईचा वाटत नव्हता. तिने नमस्कार चमत्कार काही केला नाही. विचारलं, पलंग कुठला हवा, भिंतीकडचा की खिडकीकडचा. कुणी असं विचारलं की मी गेली साठ वर्षं एकच उत्तर देत आले, कुठलाही चालेल, तुम्ही उरलेला द्या. मारिसोल माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, खिडकीकडचा.

ओफेलिया म्हणाली, मलाही खिडकीकडचाच हवा होता.

मी म्हटलं, मी आधी मागितला.